काकांचा उघडा कान

दमानंकाकांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. तासाभरात पंचवीसदा "दमानं, दमानं" म्हणणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? करवतीचं यंत्र जीपमागे जोडायचं, कुणाच्या परसात झाड पडलं असेल तिथं न्यायचं आणि ओंडक्याच्या फळ्या जागेवर पाडून द्यायच्या, हा त्यांचा चौतीस वर्षांचा धंदा. काका करवतीचा गाडा रुळांवरून ढकलणार आणि काकू पलीकडे सुटलेली फळी उचलणार. तिसरं माणूस त्यांनी कधी ठेवलं नाही. भांडायला दोघं पुरेत, असं काकू म्हणायच्या.

यंत्रापाशी काका म्हणजे खाष्ट सासू. सैल बाही दिसली की काम बंद. पात्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, कारण तुटलेलं पातं ओळखदेख बघत नाही. इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकल्याशिवाय भुशालाही हात लावायचा नाही. "दहाही बोटं शाबूत असलेला करवतवाला दाखवा, त्याला गुरू करतो," असं म्हणून ते स्वतःचेच पंजे पुढे करायचे.

पण एका बाबतीत हा शहाणा माणूस साफ चुकायचा, बघा. कानांवरच्या टोपणांतलं उजवं घट्ट बसवायचे आणि डावं मुद्दाम कानामागे सरकवून ठेवायचे. का, तर "तुझी हाक ऐकू यायला नको?" काकूंनाही ते आतून बरं वाटायचं, खोटं कशाला बोला.

वर्षभरापासून मात्र काहीतरी बिनसलं होतं. "भाजीत मीठ झालंय का?" असं विचारलं की काका म्हणायचे, "गुरुवारी." नर्स असलेल्या लेकीनं सरळ सांगितलं, "बाबा, कान तपासून घ्या. ऐकू येत नसेल तर यंत्रावर उभं राहायचं नाही." काका म्हणाले, "मला सगळं ऐकू येतं. मी उत्तर देत नाही, एवढंच." यंत्र सुटलं तर हा माणूस दोन महिन्यांत खंगेल, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याही गप्प बसल्या, आणि सांभाळून घेत राहिल्या.

त्या दिवशी एका निवृत्त मुख्याध्यापिकांच्या अंगणात काम चाललं होतं. ओंडका हलू नये म्हणून त्याला बाजूनं लोखंडी शिकंजा धरून ठेवतो. फळ्या निघतात तसा ओंडका बुटका होतो, आणि शिकंजाही खाली घ्यावा लागतो. नेमक्या तेव्हाच बाई काहीतरी विचारायला आल्या. काकांना धड ऐकू गेलं नाही, त्यांनी दोनदा उगीच मान डोलावली, बाई आत गेल्या, आणि त्या गडबडीत शिकंजा खाली घ्यायचा राहिला. काकांनी गाडा ढकलायला सुरुवात केली.

काकूंनी पलीकडून पाहिलं. पातं सरळ लोखंडावर चाललं होतं.

"अहो!" त्या ओरडल्या. काका आपले गाडा ढकलतायत. "अहो, अहो!" काकूंचं तोंड हलताना दिसलं तशी काकांनी हसून मान हलवली, म्हणजे चहा मागाहून. आता हे 'अहो' चहालाही तेच, गॅस संपला तरी तेच आणि घर पेटलं तरी तेच. मग काकूंनी, जे चौतीस वर्षांत कधी तोंडातून निघालं नव्हतं, ते काकांचं नाव घेतलं. बेंबीच्या देठापासून. काकांची नजर पुन्हा गाड्यावर गेली होती, त्यांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

तशा काकू धावल्या. पात्याची रेष टाळून, लांबचा वळसा घालून, आणि काकांच्या खांद्यावरून हात घालून त्यांनी किल्ली फिरवली.

"कोणी बंद केलं?" काका उखडले. मग त्यांना शिकंजा दिसला. पातं दोन बोटांवर थांबलं होतं. ते टोपणं काढून बाजूच्या फळ्यांवर बसले. "हाक मारायचीस ना."

"मारली. तीनदा अहो म्हटलं. मग नावानं मारली."

"माझ्या नावानं?"

"मग काय शेजाऱ्याच्या?"

काका डावा कान चोळत राहिले. "ह्याला काहीच कळलं नाही गं," ते म्हणाले. असं ते पहिल्यांदाच बोलले. "तुझ्यासाठी उघडा ठेवला, आणि इंजिननं तोच खाल्ला." काकूंना रडू आलं, आणि भयंकर रागही.

"उद्यापासून उजवा उघडा ठेवतो."

"म्हणजे तोही घालवा. दोन्ही झाकायचे, मुकाट्यानं. आणि गाडा मी ढकलते. तुम्ही पलीकडे उभं राहून माझ्या हाताकडे बघा. हात वर केला की थांबायचं."

काका उठले आणि त्यांनी यंत्रातली किल्ली काढली. मग स्वतः शिकंजा खाली घेतला, किल्ली काकूंच्या हातात दिली आणि फळ्या धरायच्या टोकाला जाऊन उभे राहिले. पहिली फळी जरा वाकडी निघाली. काकांनी ती सरळ फळीसारखीच अलगद उचलून रचली.

ओंडका संपला, इंजिन थांबलं. काकांनी टोपणं काढली आणि काकूंजवळ येऊन उजवा कान पुढे केला.

"ते एकदा म्हण ना."

"इश्श. काय ते?"

"नाव."

बाई आसपास नाहीत ना, हे काकूंनी पाहून घेतलं आणि हळूच म्हटलं. काकांना ऐकू गेलं, चेहऱ्यावर लख्ख दिसलं ते. तरी लबाड माणूस म्हणाला, "काय? नीट आलं नाही."

काकूंनी पुन्हा म्हटलं.