चौकटची सत्ती

शुद्धलेखनाच्या चुका होतील, आधीच माफी मागते. अक्षरही माझं वाईट आहे. चौथीनंतर शाळा सुटली, पुढं पेन हातात आलं ते सहीपुरतंच. तरी लिहायला बसले, कारण हे तोंडानं सांगणं मला जमत नाही. आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — मुलीला नाही, जावयाला नाही. देवापुढं बसते तेव्हाही मी दुसरंच काहीतरी बोलत राहते. तुम्ही कोण ते मला माहीत नाही. म्हणूनच सांगता येत असेल बहुतेक.

कुठून सुरू करू? चहापासून करते, तो मला येतो.

आता मी अमरावतीला मुलीकडं असते. आधी अकोल्याला होते. तिथं एका कॉमर्स कॉलेजच्या आवारात माझं चहाचं दुकान होतं. दुकान कसलं — टिनाचं छप्पर, दोन बाकं, गॅसची शेगडी. नवरा वारल्यावर तिथल्या प्राचार्यांनी जागा दिली. माझी मागची भिंत हीच बी.कॉम.च्या वर्गाची भिंत, आणि वर्गाची खिडकी माझ्या डोक्यावर. त्या वर्गात वानखडे मॅडम व्यापारी कायदा शिकवायच्या. करार म्हणजे काय, कोणाशी केलेला चालतो, कोणाशी चालत नाही, धाकानं घेतलेला होकार होकार धरत नाहीत — दूध उतू जाऊ नये म्हणून मी उभी असायची आणि हे सगळं कानावर पडायचं. फार कळायचं असं नाही. पण मॅडम गावातलीच उदाहरणं द्यायच्या, मार्केट यार्डातली, भाजीवाल्यांची, रिक्षावाल्यांची. ती कळायची.

त्यातलं एक उदाहरण मी होते.

परीक्षेला मोबाईल आत नेऊ देत नाहीत. मग पोरं ते माझ्याजवळ ठेवायची. एवढे मोबाईल, एकासारखा एक, ओळखायचे कसे? मी जुन्या पत्त्यांचा कॅट घेतला आणि एकेक पान मधोमध कापलं. अर्धं पान रबरानं मोबाईलला लावून तो डब्यात ठेवायचा, अर्धं पोराच्या हातात द्यायचं. पेपर सुटला की अर्ध्याला अर्धं जुळवून परत. पैसे घेत नव्हते. पोरं चहा पीत, तेवढं पुरे.

मॅडमना हे फार आवडलं. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणं, काम झालं की जशीच्या तशी परत देणं, याला कायद्यात निक्षेप म्हणतात. तो धडा आला की मॅडम खिडकीतून वाकायच्या. "मावशी, तुमच्यावर शिकवते आहे बरं का." वर्ग हसायचा. मी तोंडाला पदर लावायची. मॅडम सांगायच्या, मावशी एक रुपया घेत नाहीत, तरी आपल्या स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी त्यांनी घ्यायलाच हवी, आणि त्या घेतात. तास सुटला की पोरं चिडवायची, "मावशी, आज तुमचा धडा झाला. सही करा पुस्तकावर."

तुम्हाला खोटं सांगत नाही, मला ते ऐकायला बरं वाटायचं. माझ्यासारखीला कोण कधी उदाहरण म्हणून घेतं?

प्रणिता हिवरखेडची. तेल्हाऱ्याकडचं ते मोठं गाव. बापाचं तिथं पंक्चरचं दुकान. पोरगी होस्टेलला राहायची, तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायची. माझ्यासारखीच — बोलायचं म्हटलं की आधी मान खाली जायची. कदाचित म्हणून मला ती आवडायची. कॉलेजला घालताना बापानं तिला नवा मोबाईल घेऊन दिला होता, नऊ हजारांचा, निळ्या कव्हरचा. एकच अट होती, रोज संध्याकाळी फोन करायचा. हे तिनंच मला सांगितलं होतं, चहा फुंकत फुंकत. "आबाचा जीव लागत नाही न मावशी फोन नाही केला तं."

त्या दिवशी पेपर मॅडमच्याच विषयाचा होता. प्रणितानं मोबाईल ठेवला. मी पान दिलं, चौकटची सत्ती.

पेपर सुटला आणि नेहमीसारखा घोळका आला. सगळ्यांचे हात एकदम पुढं. त्यात एक पोरगा, नेहमीचा नव्हे, म्हणाला, "मावशी, पान हरपलं माह्यं. तो निळा द्या, माहाच हाये." मी म्हटलं, पान आण बाबू, त्याशिवाय देत नसते. तर तो सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "पाहा रे, मावशी निक्षेप मोडून राहिली. केस टाकू का मावशी? मॅडम तुमच्यावर नवा धडा शिकवीन मंग."

सगळे हसले. माझे कान तापले. मला गर्दीत कोणी हसलं की काही सुचत नाही, लहानपणापासून तसंच आहे. ते हसणं थांबावं म्हणून मी निळा मोबाईल काढला, त्याचं अर्धं पान सोडवून डब्यात टाकलं आणि मोबाईल त्याच्या हातात दिला. पान पाहिलंसुद्धा नाही.

इथपर्यंत ती चूक होती. चूक कोणाकडूनही होते. तेवढ्या चुकीसाठी मी हा कागद घेतला नसता.

प्रणिता शेवटी आली. तिला शेवटच्या मिनिटापर्यंत लिहायची सवय. आवार रिकामं झालं होतं. खुश होती, पेपर चांगला गेला होता. म्हणाली, "मावशी, तुमच्यावरचा प्रश्न आला होता. पूर्ण लिहिला." आणि अर्धं पान पुढं केलं.

मी डबा पाहिला. डब्यात दुसरं अर्धं पडलं होतं, लाल. मोबाईल एकही नव्हता.

आता कसं लिहू — मी म्हटलं, "पाहू ते पान." तिनं दिलं. विश्वासानंच दिलं, का देणार नाही? मी डब्यातलं अर्धं उचललं, दोन्ही तुकडे एकावर एक धरले आणि शेगडीच्या जाळावर टाकले. जुनं पान, लगेच पेटलं. ती पाहत होती. तिच्या डोळ्यांसमोर टाकलं मी.

आणि म्हणाले, "तू ठेवलाच नाही माह्यापाशी."

ती फक्त एवढंच बोलली, "मावशी, पान..." आणि शेगडीकडं पाहत राहिली. ओरडली नाही. ओरडली असती तर चार लोक जमले असते. माझ्यासारखीच होती ना ती. हे मला माहीत होतं. तिला ओरडता येत नाही हे माहीत होतं, म्हणूनच माझं धाडस झालं. दुसऱ्या कोणासमोर झालं असतं का?

का केलं? मोबाईल भरून द्यावा लागेल, दुकान जाईल, पोलीस येतील, असं सगळं तेव्हा डोक्यात आलं. पुढं बरीच वर्षं मी मनाला सांगत राहिले की तेव्हा मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती, हातात पैसा नव्हता. ते खरं नाही. बोलणी दुसऱ्या वर्षी सुरू झाली. आणि मॅडमना खरं सांगितलं असतं तर त्यांनी दुकान जाऊ दिलं नसतं, हेही मला तेव्हा ठाऊक होतं. मला त्यांच्या धड्यातली मावशी राहायचं होतं. बस, एवढंच होतं.

प्रणिता मॅडमना घेऊन आली. मॅडमनी विचारलं, "मावशी, हिनं ठेवला होता का?" मी नाही म्हणून मान हलवली आणि खाली पाहिलं. मॅडमना वाटलं, बाई भोळी आहे, आळ आल्यानं दुखावली. त्या तिला म्हणाल्या, "आठवून बघ, प्रणिता. होस्टेलवर राहिला असेल. मावशींना मी इतकी वर्षं ओळखते." प्रणिता म्हणाली, "मॅडम, त्याहीनं पान जाळलं." मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी पदरानं डोळे पुसले. ते पाणी खरं होतं, पण कशाचं होतं ते मॅडमना कसं कळणार? त्या तिला रागावल्या. मी त्यांना कोणावर रागावलेलं पहिल्यांदाच ऐकलं.

तिसऱ्या दिवशी बाप आला. खांद्यावर दुपट्टा, नखांत काळं वंगण. बाकावर बसला, चहा मागितला. प्रणिता मागं बॅग धरून उभी होती. त्याच्या मनात काय होतं ते त्याच्या बोलण्यातून दिसत होतं — पोरीनं मोबाईल विकला, नाहीतर कोणा पोराला दिला.

"बाई," तो म्हणाला, "माही पोर म्हन्ते ठेवला होता. मॅडम म्हन्ते नाही. तुमी लेकरावाल्या बाई हा. तुमी सांगान ते मी मानीन."

किती सोपं करून दिलं होतं त्यानं मला.

मी म्हटलं, "नाही ठेवला, भाऊ."

"मंग ठीक हाये." त्यानं चहा संपवला, पैसे ठेवले. "चहा बाकी चांगला झाला," म्हणाला, आणि उठून पोरीला, "चाल." प्रणितानं माझ्याकडं पाहिलं नाही. उरलेले पेपर तिनं दिले नाहीत. पुढच्या वर्षी तिसऱ्या बाकावर दुसरी कोणी बसली.

मॅडम तो धडा दरवर्षी शिकवत राहिल्या. खिडकीतून वाकायच्या, "मावशी, तुमच्यावर शिकवते आहे." वर्ग हसायचा, मी पदर लावायची. मोबाईल ठेवणं बंद करते म्हटलं तर म्हणाल्या, "तुमच्याइतका भरवसा कोणाचा आहे?" मग ठेवत राहिले. एकदा एका पोरीनं कॅट चाळला आणि म्हणाली, "मावशी, यात चौकटची सत्ती नाही." मी म्हटलं, हरपली.

हिवरखेडचा पत्ता मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. पंक्चरचं दुकान कोणीही दाखवलं असतं. अकोल्याहून अकोट, तिथून हिवरखेड. रोज बसेस जातात. मी आठ वर्षं गेले नाही.

मागच्या हिवाळ्यात गेले. मुलीला सांगितलं, परतवाड्याला बहिणीकडं जाते — तेही खोटंच. दुकान सापडलं. दारात टायर टांगलेले होते आणि प्रणिता पाटावर बसून ट्यूब पाण्यात बुडवून पाहत होती. मला तिनं लगेच ओळखलं. उठली नाही.

मी विचारलं, "आबा आहेत का?"

"नाही. दोन वर्सं झाले."

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिला ते सगळं माहीतच होतं, मी काय सांगणार होते? पण सांगितलं. पिशवीतून पुडकं काढून तिच्यापुढं धरलं. जमवलं होतं ते सगळंच आणलं होतं, मोबाईलच्या किमतीच्या कितीतरी जास्त.

तिनं हात फडक्याला पुसले. म्हणाली, "हे आबाले सांगा लागत होतं तुमी."

मी पुडकं तसंच पुढं धरून राहिले.

मग तिनं पुडकं घेऊन सोडलं, नोटा मोजल्या. नऊ हजार वेगळे काढून गल्ल्यात टाकले. उरलेल्या नोटा परत नीट रबरात बांधून माझ्या हातात दिल्या.

"फोन तेवढ्याचाच होता," म्हणाली. "बाकीचं तुमच्यापाशीच राहू द्या." आणि ट्यूब पुन्हा पाण्यात धरली.

वानखडे मॅडमना मी अजून सांगितलेलं नाही. तेही इथं लिहून ठेवते. मोबाईलचे पैसे मात्र पुरते फिटले.