गाडीखालचे पाय

आमच्या शेजारच्या सुभेदारांच्या चेहऱ्यापेक्षा मला त्यांचे पाय जास्त ओळखीचे आहेत. फौजेतून निवृत्त होऊन कोरेगावला आल्यापासून दर रविवारी ते आपल्या जुन्या मोटारीखाली असतात आणि बाहेर दिसतात ते भेगाळलेल्या टाचांचे दोन पाय. मी फाटकाशी आलो की खालून हुकूम येतो, "मास्तर, बारा-तेराचा पाना द्या." पाना हातात पडला की पुढचं वाक्यही ठरलेलं, "एकदा मेकॅनिकचा हात लागला की गाडी नासली म्हणून समजा. आपुन कवाच लावू दिला न्हाई."

परवा फलटणला एका गॅरेजात तीच मोटार दिसली. खाली पाय होते, पण अनोळखी. सुभेदार बाकावर चहा पीत होते. लग्नाला निघालेले, अंगात इस्त्रीचे पांढरे कपडे. मला बघून त्यांनी कप खाली ठेवला, चपला काढल्या, आणि ऑइलनं माखलेल्या जमिनीवर आडवे होऊन मेकॅनिकशेजारी सरकले.

आता चार पाय दिसत होते. दोन ओळखीचे.

"मास्तर," खालून आवाज आला, "बारा-तेराचा पाना द्या."

मेकॅनिकच्या पेटीतून शोधून मी तो दिला.