चौथा तुकडा

इंटरनेटच्या जोडणीचं काम शिकायला लागून मला दुसराच आठवडा होता. लखनौच्या वृंदावन योजनेतल्या एका घरी, हॉलमध्ये बसून मी फायबरच्या, म्हणजे काचेच्या, तारेला जोड दिला. तो बिघडला, म्हणून पुन्हा दिला. प्रत्येक जोडाला तारेची दोन्ही टोकं छाटावी लागतात. काचेचे ते तुकडे केसासारखे बारीक. कातडीत शिरले तर दिसतही नाहीत. म्हणून मला शिकवणारे भैया प्रत्येक तुकडा काळ्या टेपवर चिकटवायला लावत आणि निघताना मोजायला सांगत.

दोन जोडांचे चार तुकडे हवेत. टेपवर तीनच होते.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चूक कबूल केली तर माझं शिक्षण फुकट गेलं असं लोकांना वाटेल, ही भीती मनात असायची. पण त्या घरातलं रांगतं बाळ आईच्या कडेवरून खाली उतरायला धडपडत होतं. मी चाचरत म्हणालो, "भैया, एक कम है."

"वाह, इंजीनियर साहब! चार तक की गिनती भी भारी पड़ गई?" म्हणत त्यांनी टॉर्च काढला. फरशीवर आडवा उजेड टाकत आम्ही कोपरा न् कोपरा पाहिला. शेवटी तुकडा माझ्याच बाहीवर चमकला. तो मी टेपनेच उचलला.

"अब छोड़ दूँ नीचे?" बाळाच्या आईने विचारलं.

"इनसे पूछिए," भैयांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी टेपवरचे तुकडे पुन्हा एकदा मोजले आणि मगच हो म्हणालो.