वरच्या मजल्यावरची बातमी

दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर बातमी आली. वरच्या मजल्यावरच्या काकू गेल्या, अंत्यविधी सकाळीच झाला. खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. माझाही अंगठा त्याच चित्रावर गेला आणि एकदम गाव आठवलं.

आमच्या गावात कोंडिबा दवंडी द्यायचा. नळाला पाणी कधी येणार, लस टोचणारे कधी येणार, सगळं हलगी वाजवून सांगायचा. पण माझी आई गेली त्या दिवशी त्यानं हलगी घरीच ठेवली. दारोदार जाऊन त्यानं हळू आवाजात एकेकाला सांगितलं. तो परतेपर्यंत आमचं अंगण माणसांनी भरलं होतं. शेजारच्या यमुनामावशीनं मला मांडीवर घेतलं आणि ती नुसती बसून राहिली.

मी फोन बाजूला ठेवला आणि जिना चढून वर गेले. काकांनी दार उघडलं. मुलगा परदेशातून निघाला होता, घरात ते एकटेच होते.

"फोनवर सगळ्यांना एकच सांगतोय, ती गेली म्हणून," काका म्हणाले. "तुम्ही बसा थोडं. ती कशी होती, ते सांगतो."