जंपरवरचा लाल ठिपका
मुलगी नेलपॉलिश लावायला बसली की मी उठून गॅलरीत जातो. त्या वासाने अंबडच्या कारखान्यातला, मशीन चालवणारा जुना कॉम्प्युटर आठवतो. तेव्हा त्यातल्या प्रत्येक कार्डाचा नंबर जंपरने ठरे. जंपर म्हणजे मुगाएवढी प्लास्टिकची टोपी, ती ठरावीक पिनांवर बसवायची. दोन कार्डांना एकच नंबर गेला की सगळं ठप्प. आमच्या मॅडम टोपी बसवली की तिच्यावर स्वतःच्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायच्या, कुणी हलवू नये म्हणून. पुढे एका अपघातात त्या गेल्या. महिन्याभराने मी नवं कार्ड बसवलं आणि मशीन अडलं, कारण नव्या कार्डाला मॅडमनी बसवलेल्या कार्डाचाच नंबर हवा होता. कॅबिनेट पुन्हा उघडलं तर आतल्या उबेबरोबर तो वास आला. "मॅडमनी लावलंय ते साहेब, नका हात लावू," ऑपरेटर म्हणाला. पण लाइन थांबली होती. मी टोपी चिमटीत धरून उपसली. मॅडमनी वर्षभरापूर्वी दिलेला तो ठिपका वाळून तडकायला हवा होता; तो ताणला गेला आणि माझ्या बोटाला ओला लाल रंग लागला. टोपी दुसऱ्या पिनांवर बसवली आणि मशीन सुरू झालं. ऑपरेटरने माझ्याकडे न बघता थिनरचा बोळा पुढे केला. "बाबा, एवढा कसला वास येतो तुम्हाला?" मुलगी आतून विचारते. मी गॅलरीत उभा राहून अंगठ्याने ते बोट पुसत असतो.