तात्यांची जिलबी

आमच्या पिंपळीत लग्न कुणाचंही असो, पंगतीत जिलबी वाढणार ते तात्याच. पत्रावळीवर कुणी हात आडवा धरला, तर "लाजताय व्हय?" म्हणत तो बाजूला सारून ते जिलबी टाकतातच.

माझ्या लेकीला खाण्याचा आजार जडला होता. वजन वाढेल या धास्तीनं ती जेवणच टाळायची. आता उपचारांनी सावरतेय, पण तिच्या ताटाबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. परवाच्या लग्नाआधी मी हे तात्यांच्या कानावर घातलं.

"मग बोलू तरी काय?" ते हवालदिल झाले.

"तुमच्या म्हशीचं बोला."

पंगतीत ते तिच्यापुढं आले, तोंड उघडून मिटलं आणि मांडवाच्या छताकडं बघत म्हणाले, "आमची म्हस लई गुणाची हाय."

मागची माणसं जिलबीसाठी ओरडत होती, पण म्हस काही संपेना. लेक हसत हसत भात खात होती. मधेच तिनं विचारलं, "तात्या, तुम्ही जेवलात का?"

तात्या गडबडले. त्यांना हे कुणी विचारतच नाही. जिलबीची बादली ठेवून ते तिच्या शेजारी बसले. तिनं जिलबी वाढली, दुसरी उचलली, तसा त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

लेक म्हणाली, "लाजताय व्हय?"