बुजगावण्याचं पेज

माझं माहेर वाईचं. कृष्णेच्या घाटावर वाढलेली मी लग्न होऊन जत तालुक्यात आले आणि हंडाभर पाण्याची वाट बघायला शिकले. शिकले म्हणजे, नाइलाजाने. पुढे नवरा सरपंच झाला, तेव्हा वाटलं, आता तरी वस्तीवर पाण्याचा टँकर वेळेवर येईल. कुठलं काय! टँकर आमच्या डाळिंबाच्या शेततळ्यात रिकामा व्हायचा आणि वस्ती कागदावर पाणी प्यायची.

आमच्या बचत गटातल्या एकीची भाची पुण्यात शिकते. सुट्टीला आली तेव्हा तिने सांगितलं, जगात काही लोक मुखवट्याआड राहून इंटरनेटवर मोठमोठ्यांची लबाडी उघडी पाडतात. त्यांना पुढारीच नाही, त्यामुळे धरायचं कुणाला हे कळत नाही. पुढारी नाही, हे ऐकूनच मला ते पटलं. घरात एक होता तेवढा पुरे होता.

आम्ही बायकांनी मोबाईलवर एक पेज काढलं. मुखवटा म्हणून ज्वारीतल्या बुजगावण्याचा फोटो लावला. पासवर्ड सगळ्यांना तोंडी सांगितला. जिला जे दिसेल ते तिने टाकायचं आणि कुणी टाकलं हे विचारायचं नाही. टँकर कुठे उभा आहे ते दाखवणारा नकाशा मात्र फक्त सरपंच आणि ग्रामसेवकाच्या फोनवर दिसायचा. आमच्या ह्यांचा चष्मा कधी जागेवर नसतो. मेसेज वाचायला फोन माझ्याच हातात. शेततळ्यावर उभ्या टँकरचा नकाशा मीच पेजवर चढवला आणि खाली लिहिलं, यात कोण कोण सामील आहे. ड्रायव्हरचं नाव, ग्रामसेवकाचं नाव, टँकरमालकाचं नाव, आणि सरपंच.

गावात नुसता धुरळा उडाला. पारावर एकच चर्चा, "ही पुण्यास्नं आल्याली पोरं. लय शिकल्यात!" बायकांचा विचारही कुणाच्या मनात आला नाही. मला तर हसू आवरेना.

ते हसू एका जेवणात जिरलं. भाकरी मोडता मोडता हे शांतपणे म्हणाले, "समद्यांची नावं हायती. मला तेवढं नुसतं सरपंच म्हटलंय."

माझा हात परातीत तसाच राहिला.

"गावात माझं नाव न घेणारी बाई एकच हाय," ते म्हणाले.

लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. लिहितानासुद्धा मी ते चुकवलं, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"दुसऱ्या कुणाच्या डोक्यात यायच्या आत बंद कर ते."

"आवं, मग टँकर वस्तीवर पाठवा की."

ते हात धुवायला उठले.

सकाळी टँकर पुन्हा शेततळ्यावर. वस्तीवरच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन माघारी निघाल्या होत्या. त्यातली एक आमच्याच गटातली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. मला ह्यांचा असा संताप आला, की चुलीपाशी बसूनच फोन उघडला आणि सरपंच या शब्दापुढे नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, मधे सासऱ्यांचंही लिहिलं. पोस्ट टाकली आणि चुलीत लाकूड सारलं.

दुपारी टँकर वस्तीवर गेला. संध्याकाळी हे पारावरून आले, चपला काढून ओसरीवर टेकले. मी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

"काय म्हणत्यात लोक?" मी विचारलं.

"एकाला तुझा संशय आला व्हता. आज त्योच म्हणतोय, छ्या, घरची न्हवं. घरची बाई नवऱ्याचं नाव घेईल व्हय?"

पाणी पिऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"माझंच नाव घेऊन सुटलीस."